बर्फ मोजणारं स्थळ

सुप्याहून ताईला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी आई पोह्यांत मीठ घालायला विसरली होती, पण आमच्या घरात त्या दिवसाची आठवण निघते तेव्हा पोह्यांबद्दल कुणी बोलत नाही. लक्षात राहिलं ते आबांचं आणि नवऱ्या मुलाचं बोलणं. आबा म्हणजे माझे आजोबा. ओसरीवर लोकरीचं जाड जेन अंथरून ते पाहुण्यांच्या समोर मांडी घालून बसले होते आणि दादा, माझे वडील, त्यांच्या शेजारी जरा अंग चोरून. आबांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, पोरगा काय करतो. ते म्हणाले, सरकारी नोकरी हाय, कायम झालाय. दादांचा चेहरा एकदम सैल झाला. आबांचं मात्र समाधान झालं नाही. नोकरी हाय ते कळलं, पर करतो काय, असं त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मुलगाच मान वर करून म्हणाला, "बर्फ मोजतो."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला हसू फुटलं तसा आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. आबांनी पागोटं जरा मागं सारलं, मुलाकडं नीट पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मोजून कुणाला देता?"

मुलाचं नाव भानुदास. तो चिडला नाही, हसलाही नाही. त्यानं शांतपणे सांगितलं की तो हिमाचलात, कुलूच्याही वर डोंगरात, सरकारच्या एका खात्यात असतो. थंडीत बर्फ किती पडला आणि त्यात पाणी किती, हे लिहून ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात नदीला किती पाणी येणार ते आधी सांगता येतं. त्याला तिथं दोन खोल्यांचं सरकारी घर होतं आणि लग्नानंतर बायकोला तो तिथंच नेणार होता. हे शेवटचं त्यानं ताई चहाचा ट्रे घेऊन समोर उभी असताना सांगितलं, म्हणजे तिला ऐकू जावं म्हणूनच. पाहुणे गेले, आबांनी पान जुळवलं, आणि पान तोंडात टाकायच्या आधी निकाल दिला. "पोरगं बरं हाय. पर न्हाय."

लासुर्ण्यात आमचं घर उसाच्या कडेला होतं. इतकं कडेला, की वारा सुटला की उसाच्या पानांची सळसळ घरातल्या बोलण्यात मिसळायची आणि पाहुण्यांना वाटायचं बाहेर कुणी आलंय. हिवाळ्यात दिवसभर बैलगाड्या ऊस भरून कारखान्याकडं चाललेल्या असत. त्यांच्या घुंगरांचा आवाज, पिठाच्या गिरणीची पुकपुक आणि ठरल्या वेळी कारखान्याचा भोंगा, यांवर आईचं घड्याळ चालायचं. भोंगा झाला की ती चुलीवर तवा टाकायची. थंडीत हुलग्याचं माडगं असायचं, लसणाच्या फोडणीचं, आणि बाजरीची भाकरी इतकी गरम की आम्ही दोघी बहिणी ती एका हातातून दुसऱ्या हातात झेलत बसायचो. आबांच्या तरुणपणी आमच्या घरी ऊस नव्हता, मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी माघारी यायचं, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मग कालव्याखालची जमीन झाली, दादा कारखान्याचे सभासद झाले आणि मेंढरं विकली. आबांनी दोन शेळ्या तेवढ्या ठेवल्या होत्या. त्यांना ते कुणी पाहत नाही असं बघून मेंढ्या म्हणायचे.

त्या थंडीत आमच्या घरात जेवायला बसलं की बर्फाचा विषय निघायचाच. दादांना स्थळ मनापासून आवडलं होतं, पण आबांच्या समोर तसं म्हणायची त्यांची छाती नव्हती. ते आईकडं बघून बोलत. तिकडं घाम येत नाही म्हणे. तिकडं दूध नासत नाही म्हणे. आई एक दिवस दादांच्या बाजूची असायची आणि एक दिवस आबांच्या. दोन्ही दिवशी तिची काळजी एकच असे, की जिथं ऊनच नाही तिथं कुरडया आणि पापड वाळवायचे कुठं, आणि वाळवण नसलेल्या घरात बाईनं उन्हाळाभर करायचं काय. आबांचे प्रश्न जनावरांवरून निघत. बर्फ पडला तर गुरांनी चरायचं काय? शेणी वाळायच्या कशा? जिथं गवत दिसत नाही तिथं माणसाचं मन रमंल का? ज्याच्याबद्दल हे सगळं चाललेलं असे ती ताई मात्र मान खाली घालून जेवत असायची. ती रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला जायची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, भूगोल घेऊन. आम्ही सगळे तिच्यासमोर बर्फाबद्दल वाटेल ते बोलत होतो आणि घरात त्या विषयाचं पुस्तक वाचलेली ती एकटीच होती, हे आज लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

मी नववीत होते आणि पूर्णपणे आबांच्या बाजूची होते. माझी कारणं वेगळी होती. ताई माझी वेणी घालायची, माझी गणितं सोडवायची, आणि आम्ही दोघी एका गोधडीत झोपायचो. ती लासुर्ण्याजवळ कुठं दिली असती तरी मी रडलेच असते, पण जिथं जायला चार दिवस लागतात तिथं ती जाणार ही कल्पनाच मला पटत नव्हती. आबा नाही म्हणालेत म्हटल्यावर मी निर्धास्त होते.

अशात शाळेत काळे बाईंनी वर्गात एक कागद वाचून दाखवला. बाई आम्हाला मराठी शिकवायच्या. बारामतीच्या एका शाळेत आजूबाजूच्या शाळांची वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता, 'बर्फाळ प्रदेशात राहणे अधिक सुखाचे'. वर्गात माझ्या घरच्या स्थळाची गोष्ट कुणाला माहीत नव्हती, तरी मला वाटलं सगळे माझ्याकडेच बघतायत. माझा आवाज मोठा म्हणून बाईंनी माझं नाव घातलं. बाजू चिठ्ठ्यांवर ठरली होती आणि आमच्या शाळेला आली अनुकूल. म्हणजे बर्फात राहणं चांगलं, असं मी बोलायचं. मी बाईंना सांगितलं, मला दुसरी बाजू द्या, ती माझी पाठ आहे. बाई म्हणाल्या, पाठ असलेलं बोलायला मी तुला कशाला नेऊ. अडचण एवढीच होती की त्यांनी आणि मी बर्फ पाहिला होता तो फक्त रसवंतीत, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. त्याच्यावर सात मिनिटं कसं बोलणार?

मी हे ताईला सांगितलं. ती विहिरीवर कपडे धूत होती. कपडा आपटायचा थांबवून ती म्हणाली, त्यांनाच विचार की. मला आधी 'त्यांना' म्हणजे कुणाला हेच कळलं नाही. पाहुण्यांनी जाताना मुलाचा तिकडचा पत्ता लिहून दिला होता आणि दादांनी तो पंचांगात ठेवला होता. पंचांगाच्या कुठल्या पानात ते ताईला ठाऊक होतं. आम्ही दोघींनी मिळून बारा प्रश्न काढले. पहिले आठ माझे होते, थंडी किती, खाता काय, झोपता कसे असे. शेवटचे चार ताईनं सांगितले आणि मी माझ्या अक्षरात लिहिले. शेजारी बायका आहेत का? तिथं शाळेत शिकवायचं काम मिळेल का? थंडीभर बोलता कुणाशी? आणि बारावा प्रश्न, बायकोला तिथं आवडलं नाही तर काय करणार? मी म्हटलं, हे प्रश्न स्पर्धेत कशाला लागतील. ताई म्हणाली, लागतील.

उत्तर काळे बाईंच्या नावानं शाळेच्या पत्त्यावर मागवलं होतं. ते यायला महिना लागला. पाकीट इतकं जाड होतं की शिपायानं ते वर्गात आणून देताना दोन्ही हातांत धरलं होतं. भानुदासांनी माझ्या आठ प्रश्नांना एका पानात उत्तरं दिली होती आणि शेवटच्या चारांना सहा पानं. ते पत्र आम्ही दोघींनी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं. मी वाचायची ती मुद्द्यांसाठी. बर्फात एक नळी खुपसायची, भरलेली नळी तराजूला लावायची आणि वजनावरून पाणी काढायचं, हे मी वहीत उतरवून घेतलं. ताई कशासाठी वाचायची ते मी विचारलं नाही. दुसरं पत्र गेलं, दुसरं उत्तर आलं. त्यात माझ्यासाठी दोनच ओळी होत्या.

सराव मी घरी आबांसमोर करायची, कारण त्यांच्याइतका कडवा विरोधक शाळेत मिळाला नसता. पत्राचं त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी पुस्तकातून शोधलंय असं मी सांगितलं होतं. मी ओसरीवर उभी राहून 'सन्माननीय परीक्षक' म्हणायची आणि आबा शेळीला पाला टाकता टाकता मला अडवायचे. बर्फात डास नसतात असं मी म्हटलं की ते म्हणत, माणूसबी नसतंय. तिथं अन्न नासत नाही म्हटलं की म्हणत, नासाया आधी उगवाया पायजे. पण हळूहळू त्यांना त्याची गोडी लागली. मी एखादा मुद्दा नीट मांडला नाही तर ते चिडायचे आणि माझ्या बाजूनं तो कसा मांडायला हवा ते सांगायचे. शेवटी ते म्हणाले, म्या बी येतो बारामतीला. पोरीनं बोलताना काय गाळलं त्ये बघाया.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ताईनं माझी उजळणी घेतली. आम्ही गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलो होतो. माझं भाषण संपलं. मी विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, "मंगे, मला जायचंय तिथं. तीन वर्षं नकाशेच काढतेय मी. एक तरी जागा बघू दे मला." मी म्हटलं, आबा नाही म्हणालेत. ती म्हणाली, हो, ते माहीत आहे, आणि उठून आत गेली. मला तिचा राग आला. माझ्याच भाषणानं तिला तिकडं ढकललं असं वाटून माझा मलाही आला.

परवा फोनवर ताईला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, असं काही झालंच नव्हतं, गोठ्याच्या भिंतीला आम्ही कधी टेकत नव्हतो, तिथं शेणी थापलेल्या असायच्या. असतील. पण ती वाक्यं मला पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काळे बाई, आबा आणि मी बारामतीला गेलो. आबांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि लाल पागोटं नव्यानं बांधलं होतं. सभागृहात ते तिसऱ्या रांगेत बसले आणि त्यांच्या मागच्या मुलाला काही दिसेना म्हणून तो जागा बदलून गेला. माझ्या विरुद्ध बोलणारा इंदापूरच्या शाळेतला एक बारीक, चष्मेवाला मुलगा होता. तो फार छान बोलला. माणूस सूर्याच्या आधारानं जगतो, असं म्हणून त्यानं खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडं हात केला तेव्हा परीक्षकांनीही मान वळवून ऊन पाहिलं. मग माझी पाळी आली. मी डासांपासून सुरुवात केली आणि बर्फ म्हणजे साठवून ठेवलेलं पाणी इथपर्यंत व्यवस्थित गेले. आबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

भाषणानंतर एकमेकांना एक प्रश्न विचारायचा नियम होता. त्या मुलानं चष्मा सारखा केला आणि विचारलं, "बर्फात राहणं इतकं सुखाचं आहे, तर तुमच्या घरातलं कुणी तिथं राहायला जाईल का?"

आबांनी सरावात हजार प्रश्न विचारले होते, पण हा कधीच विचारला नव्हता. सभागृहात माणसं हसली. बाई मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होत्या. मी म्हटलं, "माझी बहीण जाईल. तिला जायचंय. तिनं मला काल सांगितलं." हसणं थांबलं. मला तिथंच थांबता आलं असतं, पण तोंड सुरू झालं ते राहीना. "तिनं जाऊ नये असं मला वाटतं. तिथं चार महिने भाजी मिळत नाही, नळ गोठतो, रस्ता बंद होतो. हे सगळं मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. तरी तिला जायचंय. मला तिथं आवडणार नाही, पण तिला आवडेल." तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. टाळ्या बऱ्याच झाल्या. मी आबांकडं पाहिलं नाही.

पहिला नंबर इंदापूरच्या मुलाचा आला. मला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून शाईचं पेन मिळालं. परीक्षक म्हणाले, या मुलीनं शेवटी स्वतःच्याच बाजूविरुद्ध मुद्दे दिले, असं करायचं नसतं, पण आम्हाला ते ऐकावंसं वाटलं. काळे बाई बारामतीतच बहिणीकडं थांबणार होत्या. त्यांनी आम्हाला स्टँडवर भेळ घेऊन दिली आणि लासुर्ण्यावरून जाणाऱ्या इंदापूरच्या गाडीत बसवलं. आबांनी भेळ खाल्ली नाही. ती पुडी त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती. गाडी गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. मला वाटलं आता घरी गेल्यावर मला आणि ताईला काय काय ऐकावं लागेल कुणास ठाऊक.

मग त्यांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, तुला तुझी थोरली आत्या ठावं हाय का. मला दोनच आत्या माहीत होत्या. आबा म्हणाले, तिसरी व्हती, सगळ्यांत थोरली. लांब मराठवाड्याच्या पार कडेला दिली होती, कारण घरदार चांगलं होतं. ती बाळंतपणात गेली. आबा तेव्हा कळप घेऊन कोकणात होते आणि सासरच्यांचा निरोप गावाकडून त्यांच्यापर्यंत यायला महिना लागला. "तिचं समदं झाल्यावर मला कळलं. तवर मी तितं मेंढरं राखीत हसत-बोलत व्हतो." हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. आमच्या घरात कधीच कुणी त्या आत्याचं नाव घेतलं नव्हतं. इतके दिवस आम्ही गवताबद्दल, शेणींबद्दल आणि कुरडयांबद्दल वाद घालत होतो, आणि आबांना त्यांतल्या कशाचीच फिकीर नव्हती.

मी रडायला लागले तसं त्यांनी मला भेळेची पुडी दिली. म्हणाले, नळ गोठतो आन रस्ता बंद होतो, हे बुकात व्हतं व्हय? मी खरं सांगितलं. पत्रं किती झाली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन. पहिलं माझ्या दप्तरातच होतं, मुद्दे बघायला म्हणून आणलेलं. आबा म्हणाले, "वाच."

एसटीच्या खडखडाटात मी ते सगळं मोठ्यानं वाचलं. पुढच्या बाकावरच्या दोन बायका मागं वळून ऐकत होत्या आणि कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला होता. भानुदासांनी लिहिलं होतं, "मी सुप्याचा. लहानपणी टँकरपाशी आईबरोबर हंडा घेऊन उभा राहायचो. इथं पहिल्या हिवाळ्यात सकाळी दार उघडलं तर गुडघ्याएवढं पाणी दाराशी येऊन पडलेलं, एक थेंब न सांडता. मला हसूच आवरेना. पण पौषात मी रडलोही. हे तुमच्या घरी सांगायचं राहून गेलं." बाराव्या प्रश्नाला त्यांनी लिहिलं होतं, "दोन हिवाळे राहून बघावं. मग दोघांपैकी एकालाही नको वाटलं तर मी बदलीचा अर्ज करीन. सुप्यातही मोजायला पाऊस आहे, थोडा का असेना." यावर कंडक्टर हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, रस्ता बंद झाला की निरोप कसा येतो, ते लिवलंय का. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण आम्ही दोघींनी ते विचारलंच नव्हतं.

"मग त्ये बघून याया पायजे," आबा म्हणाले.

सत्तरी ओलांडलेला माणूस चैत्रात खरोखरच निघाला. दादा सोबत होते. दौंडहून रेल्वे, दिल्लीत गाडी बदलायची, पुढं डोंगरातल्या मोटारी. आईनं शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या भाकरी आणि दशम्या इतक्या दिल्या की दादा म्हणाले, आमी काय तितं ऱ्हायाला चाललो न्हाय. ते दोघं गेले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. ताईची परीक्षा जवळ आली होती. ती पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. मीही देवाजवळ काय मागावं हे ठरवू शकत नव्हते. आबांनी हो म्हणावं असं एका दिवशी वाटे, आणि दुसऱ्या दिवशी ताईनं वेणी घालायला माझे केस हातात घेतले की नाही म्हणावं असं वाटे.

सतराव्या दिवशी दोघं परत आले. आबांच्या गालांची साल निघाली होती आणि पागोट्याखाली कुलूची रंगीत टोपी होती. त्यांनी पाय धुतले, जेनावर बसले आणि काही न सांगता आधी शेळ्या बघून आले. हकीकत सांगितली ती दादांनी. तिथं पोचल्यावर आबांनी भानुदासांना पहिला प्रश्न निरोपाचा विचारला. त्यांच्या कचेरीत बिनतारी यंत्र होतं. रस्ता बंद असला तरी त्यावरून खालच्या गावाला बोलता यायचं आणि खालून तार पुढं जायची. आबांनी नुसतं ऐकून घेतलं नाही. एक निरोप पाठवायला लावला आणि त्याचं उत्तर येईपर्यंत त्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून राहिले. दीड तासानं उत्तर आलं तेव्हा ते उठले. ताईच्या वयाच्या बायका शेजारी होत्या, शाळा होती, सफरचंदाची झाडं फुलावर होती, हे सगळं दादांनी पाहिलं. आबांनी पाहिलं असेल तर त्यांनी तसं सांगितलं नाही.

"पर तिसऱ्या दिशी म्हातारं हरवलं," दादा म्हणाले. सकाळी आबा घरात नव्हते. शोधाशोध झाली. दुपारी सापडले ते गावाबाहेरच्या उतारावर, दोन-अडीचशे मेंढ्यांच्या मधोमध. थंडी सरली की तिथले मेंढपाळ कळप घेऊन वरच्या डोंगरांकडं निघतात, त्यातलाच एक कळप थांबला होता. आबांना हिंदी येत नव्हतं आणि त्या मेंढपाळाला मराठी. दोघं एका मेंढीच्या दोन बाजूंना बसले होते, तिची लोकर बोटांत धरून. आबांनी तिचा खूर वर उचलून काहीतरी दाखवलं होतं आणि तो माणूस मान हलवत होता. दादांना बघून आबा म्हणाले, ह्येंचं बी आपल्यावानीच हाय, फकस्त आपण खाली उतरतो आन ही वर चढत्यात. संध्याकाळपर्यंत ते तिथून हलले नाहीत. निघताना त्या माणसानं आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

आबा शेळ्या बघून परत आले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "शके, तुला जायाचं हाय का?" साऱ्या थंडीत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती हो म्हणाली. आबा म्हणाले, मग परीक्षा नीट दे, आन सुप्याला सांगावा धाडा.

वैशाखात लग्न झालं, भर उन्हात, आणि मांडवात भानुदासांइतका घाम कुणालाच आला नाही. ताईला पोचवायला आम्ही दौंडला गेलो तेव्हा मी ठरवल्याप्रमाणे रडले नाही. गाडी सुटल्यावर रडले. नंतर बरेच महिने मी शाळेत एकच वेणी घालून गेले, कारण दोन मला जमत नव्हत्या.

पौषात ताईचं पत्र आलं. पाकिटावर दादांचं नाव होतं पण आतलं पत्र आबांना होतं, पहिल्यांदाच. मी ओसरीवर बसून वाचलं. तिनं लिहिलं होतं, "आबा, तीन दिवस बर्फ पडत होता. हे वर कामावर अडकले होते, मी एकटी होते. पहिल्या दिवशी फार रडू आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडेना, बाहेर कमरेएवढा बर्फ साठलेला. मग खिडकीतून खाली उडी मारली आणि फावड्यानं दार मोकळं केलं. शेजारची बाई बघून हसत होती, मग तीही फावडं घेऊन आली. आता हात दुखतायत. भूक फार लागते."

आबांनी ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी खिडकीच्या वाक्यापाशी मला थांबवलं आणि विचारलं, उडी मारली असंच लिवलंय का. मी म्हटलं, व्हय. मग त्यांनी ते पत्र माझ्याकडून घेतलं, टोपीत ठेवलं, वर पागोटं बांधलं आणि काठी घेऊन बाहेर पडले. आधी ते गिरणीत गेले आणि गिरणीवाल्याला पट्टा थांबवून पत्र वाचायला लावलं. तिथून किराणा दुकानात, तिथून शाळेत काळे बाईंकडं, आणि तिथून कारखान्याकडं निघालेल्या गाड्या ज्या चहाच्या टपरीपाशी थांबत तिथं. भोंगा होऊन गेला, आईचा तवा तापला, तरी आबांचा पत्ता नव्हता. शेवटी मी त्यांना बोलवायला निघाले. वाटेत ऊस वाहणारा एक गाडीवान भेटला, आमच्या ओळखीचा नव्हे, परगावचा. त्यानं बैल न थांबवताच मला विचारलं, की या गावची कुणी शकू म्हणून पोरगी हाय म्हणे, छपराएवढ्या बर्फात खिडकीतनं उडी मारून बाहेर आलेली, ती नक्की कुणाची?

मी म्हटलं, आमची.